पाच हजारांत पंधरा कपडे: जळगावच्या एका घराची कपडेखरेदी

पार्श्वभूमी

वडील जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. आई घरी पापड लाटून देते. मुलगी कॉलेजात एसवायला गेलेली, मुलगा नववीत आणि सोबत अमळनेरकडची आजी. असं पाच माणसांचं घर. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दुकानाचं नावही दिलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या स्वस्त दुकानात हीच खरेदी झाली असती तरी फार वेगळं काही घडलं नसतं.

खानदेशात घरच्या कपड्यांची खरेदी पूर्वी सणाला बांधलेली असायची, एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि एकदा दिवाळीला. आता बारा महिने उघडी असलेली, एसीतली, ठरलेल्या किमतीची दुकानं आल्यामुळे ‘लागेल तेव्हा घेऊ’ अशी सवय झाली आहे. या घरात २०२५च्या आखाजीला आत्या माहेरपणाला आली आणि हातातला पैसा तिथेच संपला. जूनमध्ये वडिलांच्या पगारातून रोजच्या कपड्यांसाठी पाच हजार बाजूला निघाले. मुलीने एफवायचं वर्ष जुन्या कपड्यांवर काढलं होतं, त्यामुळे पहिला हक्क तिचा.

पहिली खरेदी

१४ जून, शनिवार, संध्याकाळी सात. ट्रायल रूमसमोर रांग होती. मुलीने जीन्स तेवढी घालून पाहिली. बाकी सगळं अंगाला लावून, आरशासमोर धरून घेतलं. बिल असं झालं:

- रेयॉनच्या कुर्त्या ३, प्रत्येकी ३९९: ११९७
- लेगिंग २ (एक काळी, एक फिकी बिस्किटी), प्रत्येकी १९९: ३९८
- मुलीची जीन्स १: ६९९
- मुलीचे होजिअरी टॉप २, प्रत्येकी १९९: ३९८
- मुलाचे टी-शर्ट ३, प्रत्येकी १४९: ४४७
- मुलाच्या ट्रॅक पँट २, प्रत्येकी २९९: ५९८
- वडिलांचे शर्ट २, प्रत्येकी ४९९: ९९८
- काउंटरजवळच्या टोपल्यांतून क्लिपा, बेल्ट, परफ्यूम: ३२७
- पिशवी: १५

एकूण ५०७७. कपडे पंधरा, त्यांचे ४७३५. आईसाठी काही नाही. घरी आल्यावर त्याच रात्री मुलांनी सगळे टॅग कापले. आजीने बिस्किटी लेगिंग दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, “हाऊ कपडा शे का चाळनी?” सगळे हसले. तिने अमळनेरच्या प्रताप मिलच्या दिवसांतलं कापड हाताळलेलं होतं, तिचं ऐकायला हवं होतं.

अडचण

जुलै संपेपर्यंत पंधरापैकी सहा कपडे बाद झाले.

तिन्ही कुर्त्यांची लांबी ४४ इंचांवरून ४१वर आली, म्हणजे सुमारे सात टक्के आटली. त्यातल्या एका कुर्तीची बाजूच्या कटाच्या वरची टीप बाराव्या दिवशी उसवली. मरून कुर्तीचा रंग पहिल्याच धुण्यात वडिलांच्या क्रीम शर्टाला आणि मुलाच्या पांढऱ्या टी-शर्टला लागला. बिस्किटी लेगिंग बसल्यावर आरपार दिसायची, म्हणून तीनदा घालून ती कपाटात गेली. मुलाच्या दुसऱ्या एका टी-शर्टची बाजूची शिवण फिरून पोटावर आली, पण तो घरात चालतो.

बाद झालेल्या सहा कपड्यांची किंमत २०४४. कपड्यांवर गेलेल्या दर पाच रुपयांतले दोनहून अधिक वाया गेले. काउंटरवरचे ३४२ वेगळेच. त्यात जवळपास एक कुर्ती बसली असती.

असं का झालं

ठरलेल्या किमतीच्या दुकानात किंमत आधी ठरते, कपडा नंतर. ३९९च्या रॅकवर कुर्ती बसवायची असेल तर कापडाचं वजन, दाब (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), टाक्यांची संख्या, दोरा आणि लांबी यांतून कुठेतरी पैसे वाचवावे लागतात. सगळ्याच कपड्यांत ही काटकसर सारखी होत नाही. म्हणून एकाच रॅकवर, एकाच किमतीत एक कुर्ती दोन वर्षं जाते आणि तिच्या शेजारची दोन महिन्यांत संपते. किमतीच्या टॅगवरून हा फरक कळत नाही. तो कळतो आत, डाव्या बाजूच्या शिवणीत शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवरून. ही पट्टी या घरात कोणी वाचली नव्हती.

पट्टीवर कुर्त्यांसाठी ‘१००% व्हिस्कोस’ लिहिलेलं होतं. व्हिस्कोस म्हणजेच रेयॉन. अंगाला थंड, पडायला सुरेख, जळगावच्या ४४-४५ अंशांत पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी सुखाचं. पण त्याचे दोन स्वभाव माहीत हवेत. एक, ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. दोन, कारखान्यात फिनिशिंगच्या वेळी कापड लांबीत ताणलं जातं आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते आपल्या मूळ जागी परततं. शिवण्याआधी कापड आटवून घेतलं नसेल तर कुर्ती लांबीत जाते, रुंदीत फारशी नाही. म्हणून छातीत नीट बसलेली कुर्ती गुडघ्याच्या वर चढली.

आता या घरातलं धुणं पाहू. वस्तीत नळाला पाणी रोज येत नाही. पाणी येतं त्या दिवशी दोन-तीन दिवसांचे कपडे एकाच टबात पावडरमध्ये रात्रभर भिजतात, सकाळी ब्रशने घासले जातात, पिळून गच्चीवर कडक उन्हात पडतात. जुन्या टेरिकॉटला आणि युनिफॉर्मला या पद्धतीने काही होत नाही, त्यामुळे ती चुकीची आहे असं कोणाला कधी वाटलंच नाही. ओल्या रेयॉनला मात्र रात्रभर भिजणं, ब्रश आणि पीळ हे तिन्ही एकदम घातक. मरून रंगालाही रात्रभर सोबत मिळाली ती क्रीम शर्टाची.

शर्टावरचा डाग त्याच सकाळी, ओला असतानाच पुन्हा साबणाच्या पाण्यात काढला असता तर बराच निघाला असता. तो वाळला, वर इस्त्री फिरली आणि पक्का झाला. शेजारच्या काकूंनी पुढच्या वेळी मीठ आणि तुरटी टाकायला सांगितलं. घरोघरी हा सल्ला मिळतो, पण तुरटी कामाची असते ती वनस्पतींच्या रंगांना. आजच्या कारखान्यातल्या रंगांना ती किंवा मीठ घरच्या बादलीत पक्कं करत नाही. जास्तीचा रंग असतो तो निघून जाईपर्यंत पहिली तीन-चार धुणी वेगळी काढायची, एवढंच हातात असतं.

लेगिंगचा प्रश्न धुण्याचा नव्हता. तिचं कापड मुळातच विरळ होतं आणि माप एक नंबर लहान घेतलं होतं. ताणलं की विरळ कापड आणखी विरळ होतं. टी-शर्टची शिवण फिरली ती सुताच्या पिळामुळे: पातळ होजिअरीतलं जास्त पिळाचं सूत धुतल्यावर सैल पडायला बघतं आणि अख्खं कापड तिरकं ओढतं. एकदा फिरलेली शिवण इस्त्रीने तात्पुरती सरळ होते, पुढच्या धुण्यात परत फिरते.

पर्याय

२६ जूनला टीप उसवली. तेव्हा घरात पहिल्यांदा हिशेब झाला. समोर पाच वाटा होत्या.

दुकानात परत जाणं. बिलाच्या मागे छापलं होतं: १५ दिवसांत बदल, टॅग आणि बिलासह, न वापरलेला कपडा, रोख परत नाही. टॅग कापलेले, कपडे धुतलेले. पण ही अट आवड किंवा माप बदलण्यासाठी असते. सदोष मालाचा नियम वेगळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. प्रश्न होता तो कोणता दोष दुकानाचा आणि कोणता आपला. पट्टीवर ‘थंड पाण्यात हाताने, गडद रंग वेगळे, सावलीत’ असं लिहिलेलं असताना रंग लागल्याची आणि कापड आटल्याची तक्रार कमजोर पडते. उसवलेली टीप मात्र सरळसरळ शिलाईचा दोष.

शिंप्याकडून दुरुस्ती. कुर्त्या लांब करायच्या तर खालची दुमड उघडावी लागते, पण दुमड होती जेमतेम अर्धा इंच. म्हणजे बॉर्डर जोडणं एवढाच उपाय. क्रीम शर्ट गडद रंगात रंगवून घ्यावा असंही निघालं. शर्टात ४० टक्के पॉलिएस्टर होतं आणि बाजारातल्या पुडीचा रंग सुताला धरतो, पॉलिएस्टरला नाही. शर्ट चट्ट्यापट्ट्यांचा झाला असता, म्हणून ते सोडून दिलं.

फुले मार्केटमधून सुती कापड घेऊन शिवणं. कुर्तीला अडीच मीटर, त्यात शिलाई धरली की खर्च तयार कुर्तीपेक्षा जास्त. पण कापड आधी भिजवून आटवता येतं, माप आपलं असतं आणि आत एक इंच दाब ठेवायला सांगता येतो.

सुरत. नंदुरबार-अमळनेरकडच्या घरांना लग्नाचा बस्ता म्हटला की सुरतची गाडी आठवते. पाच-सहा रोजच्या कपड्यांसाठी पाच माणसांपैकी दोघांचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी घालणं परवडत नाही. शिवाय तिथला मुख्य माल सिंथेटिक.

ऑनलाइन. परत करण्याची सोय असते, पण कापड हातात येत नाही आणि इथली सगळी अडचण कापडाचीच होती. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला, तो योग्यच.

काय केलं

२७ जूनला, मुदतीच्या आत, आई आणि मुलगी दुकानात गेल्या. सोबत मूळ बिल आणि उसवलेली एकच कुर्ती. आटलेल्या कुर्त्या, लेगिंग, शर्ट मुद्दाम घरी ठेवले. हा निर्णय महत्त्वाचा ठरला. सगळं गाठोडं घेऊन गेल्या असत्या तर ‘धुणं चुकलं’ या एकाच उत्तरात टिपेची बाबही वाहून गेली असती.

काउंटरवरच्या मुलाने टॅग नाही म्हणून नकार दिला. आईने आवाज चढवला नाही. “दादा, तुमच्या मॅनेजरला बोलवा, तोवर आम्ही इथंच थांबतो,” म्हणाली. मॅनेजरला दाखवलं ते एवढंच: कापड कुठेही फाटलेलं नाही, दोराच निसटला आहे आणि कटाच्या टोकाला जो घट्ट आडवा टाका, म्हणजे बारटॅक, असायला हवा तो नाहीच. शेजारच्या रॅकवरच्या त्याच कुर्तीला तो होता. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर वाद उरला नाही. ३९९ची क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करता येईल अशी चिठ्ठी, मिळाली. वापरायची मुदत विचारली तेव्हा ९० दिवस सांगितली. ती नोटेवर हाताने लिहून, सही घेऊनच त्या निघाल्या.

इथे रोख परतावा मागता आला असता. नकार मिळाला असता तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक होता. पण त्याच दुकानातून पुन्हा काही घ्यायचंच होतं, म्हणून त्यांनी नोटेवर समाधान मानलं. घराची गरज पाहता हे व्यवहाराला धरून होतं. पुन्हा तिथे पाऊल ठेवायचं नसतं तर रोखीचा आग्रह धरायलाच हवा होता.

उरलेल्या दोन कुर्त्यांना शिंप्याने तीन इंचांची सुती बॉर्डर जोडली, प्रत्येकी ७० रुपये. बॉर्डरचं कापड आधी भिजवून, वाळवून दिलं. नाहीतर कुर्ती थांबली आणि बॉर्डर आटली, तर घेर गोळा होतो.

दुसरी खरेदी

ऑगस्टमध्ये १८०० रुपये काढले. या वेळी मंगळवारी सकाळी अकराला गेल्या. ट्रायल रूम मोकळी होती. पिशवीत मापाची टेप, पांढरा रुमाल, पाण्याची छोटी बाटली. मुलीच्या अंगाला सगळ्यात नीट बसणाऱ्या जुन्या कुर्तीचं माप घरी घेऊन ठेवलं होतं: सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत १९ इंच, म्हणजे छातीचा घेर ३८. नंबरावर विसंबायचं नाही, कारण त्याच दुकानात दोन कुर्त्यांच्या ‘एम’मध्ये दोन इंचांचा फरक निघाला.

तपासणीचा क्रम असा ठेवला. आधी पट्टी. रेयॉन असेल तर लांबी तीन इंच जास्त हवी, तेवढी नसेल तर ती कुर्ती सोडायची. मग रंग: शिवणीच्या आतल्या बाजूवर रुमालाचा आधी कोरडा, मग ओला कोपरा दहा वेळा घासायचा. कोरड्या कोपऱ्याला रंग आला तर कपडा परत रॅकवर ठेवायचा. फक्त ओल्याला आला तर घ्यायचा की नाही ते घरच्या धुण्यावर. मग शिलाई: टेप टिपेला लावून एका इंचात टाके मोजायचे. दहा ते बारा चांगले, आठच्या खाली नको. कटाचं टोक, खिशाचे कोपरे आणि पँटची बैठक इथे दोन्ही अंगठ्यांनी हलकं ओढून पाहायचं; दोऱ्यांच्या मध्ये उजेड दिसला की तो कपडा बाजूला. लेगिंगमध्ये मूठ घालून ताणायची आणि ट्यूबलाइटकडे धरायची, बोटांचे पेर दिसले तर नको. शिवाय घालून एकदा खाली बसून पाहायचं. टी-शर्ट मध्ये उभा दुमडून दोन्ही बाजूच्या शिवणी एकमेकींवर येतात का बघायचं. न धुतलेल्या टी-शर्टची शिवणच जर तिरकी असेल, तर धुतल्यावर ती पोटावर येणारच.

या क्रमाने चौदा कुर्त्या हाताळल्या, दोन घेतल्या: सुती-पॉलिएस्टर मिश्रण, प्रत्येकी ४४९. गडद निळी लेगिंग, एक नंबर मोठी, २४९. एकूण ११४७, त्यातून नोटेचे ३९९ वजा, रोख ७४८. काउंटरजवळच्या टोपल्यांना कोणी हात लावला नाही, कारण पैसे मोजून नेले होते आणि फोन घरी ठेवला होता. यूपीआयवर पाच हजारांचे ५०७७ कधी होतात ते कळतही नाही.

फुले मार्केटमधून अडीच मीटर सुती कापड ११० रुपये मीटरने, २७५, शिलाई २५०. आईसाठी ३५०चा सुती गाऊन. बॉर्डरच्या १४० सकट सगळा खर्च १७६३.

निष्पत्ती

डिसेंबरअखेर हिशेब मांडला. जूनमधली जीन्स आठवड्यातून दोनदा धरली तर ५५-५६ वेळा घातली, दर वेळचे साडेबारा रुपये. बिस्किटी लेगिंग तीन वेळा, दर वेळचे ६६. शिवून घेतलेली ५२५ची कुर्ती आठवड्याला एकदा म्हणजे वीस वेळा झाली, २६ रुपये, आणि अजून नवी दिसते. बॉर्डर लावलेल्या कुर्त्यांपैकी एक चालू आहे, मरून मात्र बगलेत विरली. मुलाच्या पॉलिएस्टर ट्रॅक पँटना काहीही झालेलं नाही. फक्त मे महिन्याच्या उन्हात त्या अंगावर सहन होतील का, ते त्यालाच विचारावं लागेल.

धुण्यात दोन बदल टिकले. नवा गडद कपडा पहिल्या चार वेळा वेगळ्या बादलीत, अर्ध्या तासाहून जास्त भिजवत नाहीत. रेयॉनला ब्रश नाही, पीळ नाही; दाबून पाणी काढायचं आणि उलटा करून सावलीत टाकायचा. तिसरा बदल, म्हणजे सगळेच कपडे सावलीत वाळवायचे, तो पंधरा दिवसांत सुटला. पावसाळ्यात सावलीत वाळत नाही आणि घरात दोरी बांधायला जागा नाही.

दिवाळीआधी बाजारात ‘जीएसटी कमी, कपडे स्वस्त’ असे फलक लागले होते. २२ सप्टेंबर २०२५पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के कर झाला हे खरं, पण १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना तो आधीही ५ टक्केच होता. या घराच्या बिलातली प्रत्येक वस्तू हजाराच्या आतली. त्यांना त्या फलकाचा एक रुपयाही फायदा नव्हता. मुलीने हे बिल काढून दाखवलं, आणि दिवाळीची खरेदी तेवढ्याने आवरली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला चुकलेला निर्णय दुकानाबाहेरचाच होता: शनिवारची संध्याकाळ. मुलीच्या कपड्यांतली एकच वस्तू घालून पाहिली गेली, ती जीन्स, आणि तीच सर्वांत जास्त टिकली. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

दुसरं, ‘पाच हजारांत जास्तीत जास्त किती’ असा प्रश्न घेऊन ते गेले. मुलीला आठवड्यात सहा दिवस कॉलेज, पाणी दिवसाआड, म्हणजे तीन दिवसांचे कपडे धुण्यात धरून तिला पाच जोड पुरतात. तेवढे मोजून घेतले असते तर प्रत्येक कुर्तीमागे शंभर-सव्वाशे जास्त घालता आले असते आणि आईला जूनमध्येच गाऊन मिळाला असता.

तिसरं, टॅग. पहिलं धुणं होईपर्यंत टॅग आणि बिल एका पिशवीत ठेवलं असतं तर लेगिंग न धुता, घालून पाहून, दुसऱ्याच दिवशी बदलता आली असती. आजीने ती दिव्यासमोर धरली तेव्हा टॅग कापून अर्धा तासच झाला होता.

चौथ्या बाबीवर मतभेद आहे. तिन्ही कुर्त्या रेयॉनच्या घ्यायलाच नको होत्या असं शिंप्याचं म्हणणं. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात या किमतीत रेयॉनइतका थंड तयार कपडा मिळणं अवघड. एक लांब रेयॉन कुर्ती आणि दोन सुती मिश्रणाच्या, हे प्रमाण या घराच्या धुण्याला झेपलं असतं.

वडिलांना ही सगळी तपासणी अजून पटलेली नाही. ते म्हणतात, शर्ट टेरिकॉटचा घ्यावा आणि विसरून जावं. क्रीम शर्टाची बटणं काढून त्यांनी डब्यात ठेवली आहेत. शर्टाने सध्या सायकल पुसली जाते.